बिनशिट्टीचे रुमालकाका

रुमालकाका फुटबॉलचे रेफ्री होते आणि त्यांच्याकडे शिट्टी नव्हती. फाऊल झाला की ते खिशातून पांढरा रुमाल काढून डोक्यावर धरत. गोल झाला की तोच रुमाल दोनदा हलवत. एखाद्या खेळाडूचे लक्ष नसेल तर त्याच्यापाशी चालत जाऊन त्याच्या नाकासमोर रुमाल धरत, आणि तरीही त्याला समजले नाही तर त्याच रुमालात जोरात नाक शिंकरत. ही शेवटची खूण सगळ्यांना समजत असे.

त्यांचे खरे आडनाव पोलिश होते. त्यात एकापुढे एक इतकी व्यंजने होती की ड्रेस्डेनमध्ये पन्नासेक वर्षे काढूनही इमारतीच्या दारावरच्या पाटीत ते दोन अक्षरे कमी होऊनच बसले होते. रुमालकाका हे नाव मंदारच्या सासूबाईंनी दिले. मंदार सांगलीचा, इथल्या चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर, आणि आमच्या रविवारच्या फुटबॉल मंडळींचा कॅप्टन. कॅप्टन तो खेळामुळे झाला नव्हता, आवाजामुळे झाला होता. त्याच्या सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या. घरात एकटे बसवत नाही म्हणून त्या चाकांची बाजाराची पिशवी ओढत मैदानावर येत, घडीच्या खुर्चीवर शाल पांघरून बसत आणि मटार सोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, ते रुमालवाले कोण? महिन्याभरात मैदानावरचा प्रत्येक मराठी माणूस त्यांना रुमालकाका म्हणू लागला. काकांनी त्याचा अर्थ विचारून घेतला आणि बायकोने दिलेल्या नावापेक्षा बरे आहे असे सांगितले.

मैदान शहराच्या कडेला होते. एका बाजूला लोकांच्या छोट्या भाड्याच्या बागा, दुसऱ्या बाजूला बाल्कन्यांची तीन मजली इमारत. काका त्या क्लबचे प्लाट्झवार्ट होते, म्हणजे गवत कापणे, चुन्याच्या रेषा मारणे आणि कुलूप लावणे हे त्यांचे काम. निवृत्त झाल्यावर यंत्रे काढून घेतली गेली, किल्ली राहिली. रविवारी तीन ते पाच ही वेळ कोणत्याही जर्मन संघाला नको होती. ती आम्हाला मिळाली, पण किल्लीवाला माणूस हजर पाहिजे या अटीवर. काकांनी ती अट स्वतःहून अंगावर घेतली. पत्नी हेल्गा जाऊन काही वर्षे झाली होती, मुलगी हॅनोव्हरला होती. ते म्हणत, "आठवड्यात मला दोन कामं असतात. बुधवारी डॉक्टर आणि रविवारी किल्ली. त्यातला डॉक्टर रद्द करता येतो."

अडचण आमच्या आवाजाची होती. मराठी माणूस फुटबॉल पायाने कमी आणि तोंडाने जास्त खेळतो. चेंडू मागायचा तर ओरडायचे, दिला तर का दिला म्हणून ओरडायचे, नाही दिला तर त्याच्या खानदानापर्यंत जायचे. इकडे रविवार शांततेचा. त्या दिवशी लोक भिंतीला भोक पाडत नाहीत, गवत कापत नाहीत, काचेच्या बाटल्या पिंपात टाकत नाहीत. इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या फ्राऊ हेनिश यांनी क्लबला आणि महापालिकेच्या ओर्डनुंग्जआम्टला, म्हणजे शहराची शिस्त बघणाऱ्या खात्याला, तीन पत्रे लिहिली. त्यांच्या प्रती मी पाहिल्या. माझ्या जुन्या बातमीदारीच्या धंद्यात इतका स्वच्छ मजकूर हाताखालून क्वचित जातो. "३.१४: एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला हाक मारतो. ३.१४: तोच पुरुष पुन्हा. ३.१५: सगळे."

क्लबच्या कार्यकारिणीने कळवले की आणखी एक तक्रार खरी ठरली तर रविवारची वेळ बंद होईल आणि किल्ली जमा करावी लागेल. काकांनी ते पत्र आम्हाला मैदानाच्या दारात वाचून दाखवले, घडी घातली, आणि तुम्हाला गप्प राहून खेळता येते का असे विचारले. मंदार म्हणाला, त्यात काय, अगदी सहज. तो हे इतक्या मोठ्याने म्हणाला की दुसऱ्या मजल्यावरचे बाल्कनीचे दार उघडले.

पुढच्या रविवारपासून शिकवणी सुरू झाली. काकांचे वडील दोन युद्धांच्या मधल्या काळात क्राकाव शहरातल्या एका क्लबचे लेफ्ट इन होते, म्हणजे डाव्या बाजूचे आतले फॉरवर्ड. मग जर्मनांनी देश व्यापला. पोलिश क्लब बंद झाले, पोलिश माणसाने फुटबॉल खेळायला बंदी आली. तरी लोक गावाबाहेरच्या कुरणांत चोरून सामने भरवत. शिट्टी नाही, हाक नाही, टाळी नाही. रेफ्रीच्या हातात रुमाल. हे सांगून काका म्हणाले, "माझा बाप असा खेळला. सापडले असते तर त्यांना छावणीत नेलं असतं. तुम्ही सापडलात तर माझी किल्ली जाईल. आल्झो, म्हणजे सोपं आहे."

नियम एकच होता. जो बोलेल त्याने कुंपणापाशी जायचे आणि बागांकडे तोंड करून दहा मिनिटे उभे राहायचे. पहिल्या रविवारी साडेतीन वाजता कुंपणापाशी नऊ माणसे होती आणि मैदानात पाच. त्यांतला एक गोलकीपर होता, त्याच्याकडे कुणी चेंडू आणत नव्हते म्हणून तो वाचला. मंदार तर दहा मिनिटांची शिक्षा संपवून परत येई, आलो रे म्हणून सांगे आणि पुन्हा जाई. सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या, "जावईबापू, घरी अनघासमोर जमतं की तुम्हाला. इथेच काय होतं?" अनघा म्हणजे त्यांची मुलगी, मंदारची बायको. त्या रविवारी कुंपणाकडची माणसे हसली म्हणून सगळ्यांना आणखी पाच मिनिटे मिळाली. सासूबाईंना शिक्षा झाली नाही. त्या प्रेक्षक होत्या आणि काका त्यांना थोडे घाबरत.

एप्रिलपर्यंत जमू लागले. चेंडू हवा असला की मंदार रिक्षा थांबवावी तसा हात करी. ऑफसाईडची दाद मागताना आमचे दोघे-तिघे आरतीला उभे राहिल्यासारखे दिसत. चेंडू लागल्याचा धप्प आवाज, बुटांखालचा चिखल आणि श्वास, एवढेच ऐकू येई. आमच्यापैकी काहींची मुले कधीमधी बघायला येत. घरी ती मराठी समजतात आणि उत्तर जर्मनमध्ये देतात. इथे उत्तर देण्याची गरजच नव्हती, त्यामुळे बाप आणि मुले प्रथमच एका भाषेत आली.

शिकवणीचा दुसरा भाग पांगापांगीचा होता. पहाऱ्यावरच्या माणसाने इशारा दिला की कुरणावरचे खेळाडू क्षणात दुसरेच कुणीतरी होऊन जात, असे काका सांगत. कुणी बुटाची नाडी बांधणारा, कुणी सायकलचा टायर बघणारा, कुणी नुसताच प्रेयसीची वाट पाहणारा. चेंडू बटाट्याच्या पोत्यात जाई. आम्हालाही त्यांनी ते करायला लावले. पोत्याऐवजी सासूबाईंची चाकांची पिशवी होती. मंदारने एकदा खुणेने वेळ मागून घेतली आणि बाजूला जाऊन कुजबुजत विचारले की काका, हे कशाला, ओर्डनुंग्जआम्टवाले काही पकडून नेत नाहीत. काका म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर सराव निवांत करता येतो." दुसऱ्या कुणी हे थट्टेवारी नेले असते. पण हे लोक कारखान्यात सिलिकॉनच्या तबकड्या मोजणारे. त्यांनी स्टॉपवॉच लावले, कोण कुठे जातो याचा तक्ता केला, दोघांची बागेच्या फाटकात टक्कर होत होती ती चूक शोधून काढली आणि पन्नास सेकंदांत मैदान रिकामे करून दाखवले. काका म्हणाले, क्राकावमध्ये असा एकही इंजिनिअर नव्हता.

याच सुमारास काका ऐंशीचे होणार होते आणि क्लबच्या मासिक पत्रकाला त्यांच्यावर अर्धे पान हवे होते. मी पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलेले, म्हणून ते माझ्याकडे आले. जर्मन भाषा दुरुस्त करायला एक निवृत्त शिक्षिका होत्या. मी काकांना डेस्कवरचे नेहमीचे प्रश्न विचारले: कोण, कुठे, केव्हा, आणि हे आणखी कुणाला माहीत आहे. त्या प्रश्नांनी त्यांच्या वडिलांची कारकीर्द दर आठवड्याला थोडी लहान होत गेली. एका मोसमातले चाळीस गोल अकरावर आले. अकरातले दोन समोरच्या बचावपटूने स्वतःच्याच जाळ्यात मारले होते, पण ते बापाला घाबरून मारले, असे काकांचे म्हणणे होते. डावा पाय सोन्याचा होता, हे कायम राहिले. उजव्याबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, उभे राहण्यापुरता.

वडील पोलंडकडून खेळले, या दाव्याचाही असाच उलगडा झाला. वडिलांची राष्ट्रीय संघात निवड झाली होती आणि ते संघाबरोबर परदेशात गेले होते, ते राखीव खेळाडू म्हणून. त्या काळी सामना सुरू झाल्यावर खेळाडू बदलण्याची रीत नव्हती. म्हणजे ते आगगाडीने गेले, मांडीवर बूट घेऊन नव्वद मिनिटे बसले आणि आगगाडीने परत आले. मी हे असेच लिहून त्यांना वाचून दाखवले. काकांनी विचारले, तू पोलिसात होतास का? मी म्हणालो, वर्तमानपत्रात. ते म्हणाले, "म्हणजे तेच, पगार कमी."

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी दोन पुस्तके पाहिली. चोरून सामने होत असत, हे खरे होते. ते बघायला लोक लोटत, असेही लिहिले होते. रुमालाचा आणि शांततेचा उल्लेख कुठेच नव्हता. मी तसे काकांना सांगितले.

"पुस्तक लिहिणारा तिथे होता का?" त्यांनी विचारले.

"तुम्ही होतात का?"

"मी पोटात होतो."

वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी गारा पडल्या आणि कुणीच आले नाही. आम्ही दोघे चुन्याच्या यंत्राच्या खोलीत थांबलो होतो. काकांनी थर्मासमधला चहा ओतला आणि न विचारता सांगायला सुरुवात केली. बाप त्या सामन्यांत खेळलाच नव्हता. पहिल्या सामन्यात उतरला तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या एकाने त्याचा डावा पाय ओळखला. मध्यंतरापर्यंत कुरणाच्या बांधावर एवढी माणसे जमली की ती दुरून दिसू लागली. सामना मोडावा लागला. त्यानंतर सामने भरवणाऱ्यांनी त्याला सांगितले की तू खेळलास तर सगळे मरू. तो म्हणाला, मग मी काय करू? त्यांनी त्याला रस्त्याच्या वळणावर पहाऱ्याला उभे केले.

तिथे तो युद्ध संपेपर्यंत उभा राहिला. तोंड रस्त्याकडे, पाठ कुरणाकडे. ज्यांना त्याने एरवी आपल्या बुटांना हात लावू दिला नसता असे लोक त्याच्या पाठीमागे त्याच्या जागेवर खेळत होते. शांतता त्याच्यासाठीच होती: पहाऱ्याचा ओरडा सगळ्यांना ऐकू जायला हवा, म्हणून बाकी कुणी तोंड उघडायचे नाही. ओरडण्याचा हक्क एकट्या त्याचा. आणि ती वेळ एकदाही आली नाही. सामना संपला की त्याला येऊन निकाल सांगत. काका म्हणाले, "त्या सगळ्या वर्षांत माझ्या बापाने एकही गोल पाहिला नाही. युद्ध संपलं तेव्हा गुडघे गेले होते. दोन सामने खेळला आणि गॅसच्या कारखान्यात मीटर तपासायला लागला."

मी विचारले, ओरडायचे ठरलेले होते ते काय? ते म्हणाले की हे त्यांनीही बापाला विचारले होते. बाप म्हणाला होता की दर आठवड्याला तो नवा शब्द ठरवी आणि एकही पसंत पडत नसे. मग त्यांनी कप उपडा करून झटकला आणि मला सांगितले की पत्रकात राखीव खेळाडू लिही, ते चालेल, पाठमोरा लिहू नकोस. मी लिहिले नाही. अर्धे पान छापून आले, त्यात अकरा गोल होते.

मे महिन्यात लाइपझिगच्या मराठी मंडळाचा संघ आमच्याशी खेळायला यायचा होता. त्याच आठवड्यात क्लबने कळवले की फ्राऊ हेनिश यांच्या आग्रहावरून ओर्डनुंग्जआम्टची माणसे एखाद्या रविवारी स्वतः येऊन ऐकणार आहेत, आणि त्यांचा अहवाल अखेरचा मानला जाईल. कोणत्या रविवारी ते सांगितले नव्हते. मंदारने सामना पुढे ढकलू या म्हटले. काकांनी नकार दिला. ते म्हणाले की घाबरून न खेळणे त्यांच्या घरात एकाने पुरेसे केले आहे.

लाइपझिगवाल्यांना नियम गाड्या लावायच्या जागेतच समजावून सांगितले. तरी त्यांच्या कॅप्टनने नाणेफेकीच्या वेळी मंदारला हळूच विचारले, कुणी गेलं का रे तुमच्यातलं? मंदारने मान हलवली. ती होकारार्थी समजून त्यांचा संघ पहिली वीस मिनिटे फार अदबीने खेळला. फ्राऊ हेनिश बाल्कनीत वही घेऊन बसल्या होत्या. मध्यंतराला गोलफलक कोरा होता.

पुढची हकीगत मी बघणाऱ्या तिघांच्या सांगण्यावरून आणि सरकारी अहवालावरून जुळवली आहे. चार वाजून पाच मिनिटांनी गडद निळ्या गणवेशातली दोन माणसे, एक तरुणी आणि एक तरुण, कुंपणाबाहेरच्या झुडपाआड येऊन उभी राहिली. पंधरा मिनिटे त्यांनी ऐकले. ऐकण्यासारखे काही नव्हते. चार वीसला त्यांनी कागद मिटले आणि गाडीकडे परत जायला ती रस्त्याच्या वळणावरून निघाली. नेमका तेव्हाच चेंडू फाटकाच्या कोपऱ्यात गेला होता आणि काका तो कुणाचा हे बघायला तिकडे चालत आले होते. त्यांनी मान वर केली. वळणावर दोन गणवेश होते.

काका ओरडले.

तो आवाज त्यांच्या छातीत मावेल असे कुणाला वाटले नसते. आणि ते जे ओरडले ते पोलिश नव्हते, जर्मनही नव्हते. वर्षभर आमच्यात वावरून त्यांनी जे चार शब्द उचलले होते त्यांतला एक होता. ते ओरडले, "पळा रे!"

आम्ही पळालो. नोकरीच्या ब्लू कार्ड परवान्यावाले, कायमच्या परवान्यावाले, दोघे तर जर्मन नागरिक, सगळे पळालो. आमच्या संघाने सरावाप्रमाणे केले. पन्नास सेकंदांच्या आत चेंडू पिशवीत आणि माणसे आपापल्या जागी होती. लाइपझिगवाल्यांना सराव नव्हता, ते वाट फुटेल तिकडे गेले. त्यांचा गोलकीपर नंतर गाडीत पट्टा लावून बसलेला सापडला. एक जण कुणाच्या तरी बागेत झारी घेऊन उभा होता आणि त्याने वाफ्याला खरोखरच पाणी घातले होते. मंदार बसथांब्यावर उभा राहिला. रविवारी तिथे बस येत नाही.

मैदानात फक्त काका राहिले, हातात रुमाल. ते दोघे फाटकातून आत आले आणि तरुणीने विचारले की काय झाले, मदत हवी आहे का. तिने त्यांचा कोपर धरला. सासूबाई खुर्ची घेऊन आल्या, त्यांना बसवले, पाणी दिले, आणि त्या दोघांना मराठीतच म्हणाल्या, "काही नाही हो. म्हातारं माणूस आहे, घाबरलंय. तुम्ही लाडू घ्या एकेक आणि या आता." त्यांनी लाडू घेतले. तरुणी मात्र काकांचा श्वास सरळ होईपर्यंत त्यांच्याशेजारी गवतात बसून राहिली.

अहवाल चार ओळींचा होता. निरीक्षणाच्या काळात खेळाचा कोणताही आवाज आढळला नाही. एक पुरुषी हाक ऐकू आली, भाषा समजली नाही. मैदानावर खेळाडू किंवा चेंडू दिसला नाही, सबब खेळ चालू होता असे म्हणता येत नाही. तक्रार निकाली. क्लबने रविवारची वेळ पुढच्या वर्षासाठीही आम्हालाच दिली.

सोमवारी मंदार आणि मी काकांकडे गेलो. सहाव्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. टेबलावर किल्ली काढून ठेवलेली होती. त्यांनी ती मंदारकडे सरकवली. मंदार म्हणाला, "काका, असं काय करता, आपण जिंकलोय." ते म्हणाले की पहाऱ्यावरचा माणूस चुकीच्या वेळी ओरडला तर त्याला पुन्हा उभे करत नाहीत. मंदारने खूप समजावले. अशी चूक कुणाचीही झाली असती, किल्ली तुमच्याकडेच शोभते, असे सगळे बोलून झाले.

"ज्या पोरीला बघून ओरडलो, तिने माझा हात धरून मदत हवी का विचारलं," ते म्हणाले. "बापाने इतकी वर्षं तो आवाज जपून ठेवला होता. मी लाडू खाणाऱ्या दोन पोरांवर खर्च केला."

मग त्यांनी मला विचारले की ते नेमके काय ओरडले. त्यांना आठवत नव्हते. मी सांगितले. त्यांनी अर्थ विचारला, तोही सांगितला. त्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला.

"लहानसा आहे," ते म्हणाले. "बापाला सुचायला हवा होता."

किल्ली मंदारकडे आली. पुढचे दोन रविवार काका दिसले नाहीत. तिसऱ्या रविवारी ते फ्राऊ हेनिश यांच्या बाल्कनीत दिसले, समोर कॉफी आणि केक. हे कसे घडले याची मी दोघांकडेही चौकशी केली. फ्राऊ हेनिश म्हणाल्या की त्यावर काही बोलायचे नाही. काका म्हणाले की केक चांगला असतो. तो मोसम आणि त्याच्या पुढचा मोसम त्यांनी त्या बाल्कनीतून बघितला. आम्ही हात केला तर ते मान हलवत. खाली कधी आले नाहीत.

आम्ही मात्र बोलके झालो नाही. बंदी उरली नव्हती तरी तोंड उघडेना. हिवाळ्यात भाड्याच्या हॉलमध्ये एका जर्मन संघाशी खेळलो, तिथे हवे तेवढे ओरडायची मुभा होती. त्या संघाने नंतर व्यवस्थापकाकडे तक्रार केली की हे लोक काहीच बोलत नाहीत, त्यामुळे भीती वाटते.

काका फेब्रुवारीत गेले. न्यूमोनिया झाला, आठ दिवस दवाखान्यात होते. दफनाला मुलगी आली होती, क्लबचे अध्यक्ष होते, आम्ही चौदा जण होतो आणि फ्राऊ हेनिश होत्या. पोलिश पाद्री थोडक्यात बोलले. मंदारने मिरजेला सासूबाईंना फोन करून कळवले. त्या म्हणाल्या की रुमाल कधी मळका पाहिला नाही हो त्यांचा.

मार्चमध्ये मैदान उघडले. पहिल्या रविवारनंतर तीन दिवसांनी फ्राऊ हेनिश यांचे पत्र आले. या वेळी ते क्लबला नव्हते, ओर्डनुंग्जआम्टलाही नव्हते. पाकिटावर मंदारचे नाव होते, अगदी बरोबर लिहिलेले. पत्र असे होते:

"३.२०: तुमचा उंच माणूस ऑफसाईड उभा आहे. ३.४१: पुन्हा तोच, तिथेच. ३.४२: कुणीही त्याला सांगत नाही. हा माणूस दोन वर्षे हेच करतो आहे. ते दर वेळी मला सांगायचे. तुम्हाला सांगा म्हटले तर म्हणायचे, मला आता ओरडण्याचा हक्क नाही. मी असा हक्क सोडलेला नाही. पण माझ्या वयात ओरडणे बरे दिसत नाही, आणि रविवार असतो. तरी खेळताना अधूनमधून वर बघत जावे, ही विनंती."

उंच माणूस म्हणजे मंदार. पुढच्या रविवारी त्याने चेंडू मागायला हात उचलला आणि हात तसाच ठेवून दुसऱ्या मजल्याकडे बघितले. फ्राऊ हेनिश उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तळहात उघडा करून हवेत ढकलला: मागे. मंदार दोन पावले मागे आला आणि त्याने पुन्हा वर बघितले.

त्यांनी दाखवले: आणखी.